वसईचा दुभाष्या आणि उराकामीचे शेतकरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सुचवलं होतं की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, जपानला राहून आलीस, तर तिथल्या शिस्तीबद्दल बोल. वेळेवर येणाऱ्या गाड्या, स्वच्छ रस्ते वगैरे. त्यावर यूट्यूबवर भरपूर आहे, आणि सरांनी आपल्याला शिस्त शिकवायला जपानची वाट पाहिली नव्हती. (सर हसताहेत, पण मागच्या बाकावरच्यांना आठवत असेल.) म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. छळ होत असताना माणसं आपल्या श्रद्धेला चिकटून कशी राहतात, आणि त्यातही आनंदी कशी राहतात? मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे गोष्ट ख्रिस्ती लोकांची आहे. तिची सुरुवात आपल्या वसईत होते आणि बाकी सगळी जपानमध्ये घडते.

हा विषय निवडायला एक कारण झालं. मागच्या वर्षी कुठल्याशा राज्यात प्रार्थनासभा उधळल्याची बातमी आली, तेव्हा आपल्या बॅचमधल्या एकाने मला वेगळा मेसेज करून विचारलं, "तुम्हा लोकांना भीती वाटते का गं?" त्याने मनापासून विचारलं होतं. त्याला मी एवढंच लिहिलं की भेटल्यावर सांगते. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे.

जपानी कंपन्यांच्या कामात 'ब्रिज एसई' नावाची एक जागा असते. इकडे पुण्यातली टीम, तिकडे जपानी ग्राहक, आणि मधे एक माणूस, ज्याला दोन्हीकडची भाषा कळते आणि दोन्हीकडची बोलणी खावी लागतात. मी काही वर्षं ते काम केलं. पदवी संगणकाची, पण पगार खरा दुभाष्येपणाचा. फुकुओकाला असताना एका शनिवारी मी रेल्वेने नागासाकीला गेले. स्टेशनच्या बाहेर थोडा चढ चढला की निशिझाका नावाची टेकडी लागते. तिथे एका लांब भिंतीवर सव्वीस ब्राँझचे पुतळे ओळीने उभे आहेत. त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, नुकतेच वर उचलले गेल्यासारखे लोंबते आहेत. त्यातला एक आपला गोन्सालो गार्सिया आहे.

गासच्या चर्चला त्याचं नाव आहे, आपल्या इथल्या कॉलेजलाही आहे. नाव रोज कानावर पडतं म्हणून माणूस माहीत असतोच असं नाही. गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि जपानी भाषा इतकी उत्तम शिकला की धर्मशिक्षणाच्या कामात त्यांना त्याचा मोठा आधार झाला. पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा मिळवला, मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. तो धर्मगुरू कधीच झाला नाही. १५९३ साली फिलिपिन्सहून फ्रान्सिस्कनांचं मंडळ हिदेयोशीच्या दरबारात गेलं, तेव्हा त्यांना बोलता येणारा माणूस हवा होता. अशा रीतीने आमचा वसईकर दुसऱ्यांदा जपानला पोहोचला, दुभाष्या म्हणून. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या वसईकरांची यादी आपण बरीच अलीकडची समजतो.

१५९६ साली सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यावरचा माल हिदेयोशीने जप्त केला. त्या भांडणात जहाजावरच्या कोणीतरी बढाई मारली की आमचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवतो आणि मग सैन्य, असं सांगितलं जातं. हिदेयोशीला आधीच संशय होता. क्योतोमध्ये धरपकड झाली. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढली, आणि मग ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेलं. सुमारे महिनाभराची वाट होती. वाटेत आणखी दोघांची भर पडली आणि सव्वीस झाले. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक वसईचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाकावर त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता, म्हणजे साधारण आपल्याच वयाचा.

त्यांच्यात तीन मुलं होती. सर्वांत लहान लुइस इबाराकी बारा वर्षांचा. मोहिमेवरच्या अधिकाऱ्याला त्याची दया आली आणि त्याने धर्म सोडण्याच्या अटीवर जीव वाचवायची तयारी दाखवली, ती लुइसने नाकारली. चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिलं. माझी आणि बाबांची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाचं. बापलेक दोघंही त्या रांगेत होते. टेकडीवर त्यांनी स्तोत्रं गायली, पाउलो मिकीने क्रुसावरून प्रवचन केलं आणि मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. हे सगळं पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं आहे.

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट मी डोळे विस्फारून ऐकायचे. आता माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्या पुतळ्यांसमोर, लहान पुतळ्यांपाशी आल्यावर, मला काही सुचेना. माझा मुलगा तिथे असावा असं मला वाटत नाही, आणि हे मी चर्चमध्येही बोलेन. मरण ओढवून घेणं हे ख्रिस्ती पुण्य कधीच नव्हतं. म्हणून त्या टेकडीपेक्षा पुढची अडीचशे वर्षं मला जास्त जवळची वाटतात. त्या काळात कोणी प्रवचन केलं नाही, गाणीही मोठ्याने म्हटली नाहीत.

१६१४ साली संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६४४ नंतर देशात एकही धर्मगुरू उरला नाही. चर्च नाही, मिस्सा नाही, पुस्तकं नाहीत. शेजाऱ्याची चुगली केली तर चांदीचं बक्षीस. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात. आणि नागासाकीकडे दरवर्षी नव्या वर्षाच्या सुमारास 'एफुमी', म्हणजे येशू किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि गावातल्या प्रत्येकाने तिच्यावर पाय ठेवून पुढे जायचं. त्या धातूच्या प्रतिमा संग्रहालयात आहेत. इतक्या पायांनी त्या गुळगुळीत झाल्या आहेत की चेहरा ओळखू येत नाही.

नागासाकीजवळच्या उराकामी गावातल्या शेतकऱ्यांनी यावर जी व्यवस्था उभी केली, ती पाहून माझ्यातली इंजिनिअर खूश झाली. एक होता 'चोकाता', म्हणजे पंचांग सांभाळणारा. सण कधी, उपवास कधी, कोणत्या दिवशी शेतात काम करायचं नाही, हे तो मोजायचा. दुसरा 'मिझुकाता', पाणीवाला. तो बाळांना स्नानसंस्कार द्यायचा, कारण धर्मगुरू नसेल तर स्नानसंस्कार कोणीही देऊ शकतो, आणि नेमके शब्द त्याला पाठ असायचे. तिसरा 'किकियाकू', तो घरोघर निरोप पोचवायचा. कागद कमीत कमी, सगळं तोंडपाठ. प्रार्थनांना ते 'ओराश्यो' म्हणत. लॅटिनमधल्या 'ओरातियो'चं ते जपानी रूप. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी यांची ती खिचडी पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे गेली, शब्द झिजत गेले, अर्थ पुष्कळदा हरवला, पण म्हणणं थांबलं नाही. चिनी मातीची पांढरी कान्नोन देवी देव्हाऱ्यात असायची. पाहणाऱ्याला ती कान्नोन आणि घरच्यांना मारियामाय.

आता एफुमीचं. या लोकांपैकी बहुतेकांनी त्या प्रतिमेवर पाय ठेवला. दरवर्षी. घरी येऊन ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचांग मोजायला लागत. यांना निष्ठावंत म्हणायचं की नाही, यावर चर्चमध्येही वाद झाले आहेत, आणि एन्दो शुसाकूच्या 'सायलेन्स' कादंबरीने तो प्रश्न जगभर नेला. माझं मत विचाराल तर मी म्हणते. नक्कीच म्हणायचं. टेकडीवरच्या सव्वीस जणांची आठवण ज्यांनी सांभाळली ते हेच पाय ठेवणारे लोक होते. त्यांनी मुलांना शिकवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग यात आनंद कुठे? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. मला तो सापडला बास्तियन नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाच्या आख्यायिकेत. पंचांग त्याच्याच नावाने ओळखलं जातं. मारला जाण्यापूर्वी त्याने लोकांना सांगितलं म्हणे की सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, आणि तुम्ही रस्त्याने मोठ्याने गाणी म्हणत जाऊ शकाल. यात काय मागितलंय ते पाहा. शत्रूचा नाश होईल असं नाही, राज्य आपलं येईल असंही नाही. रस्त्यावर मोठ्याने गाता येईल! दबक्या आवाजात प्रार्थना पुटपुटणाऱ्या माणसांनी आपल्या मुलांना सात पिढ्या हे सांगितलं. भात लावताना, रात्री दार लावून. घरात असं काही वाट पाहण्यासारखं असलं की त्या घरातली माणसं उदास राहत नाहीत.

१८५८च्या सुमारास एफुमी बंद झाली. परदेशी व्यापाऱ्यांसाठी नागासाकी उघडलं. १८६२ साली पोपनी त्या सव्वीस जणांना संत म्हणून जाहीर केलं आणि थोड्याच वर्षांत फ्रेंच धर्मगुरूंनी परदेशी लोकांच्या वस्तीत ओउरा इथे चर्च बांधलं, त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने, निशिझाकाकडे तोंड करून. जपानी लोकांना धर्मबंदी होतीच. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी पंधराएक शेतकरी माणसं चर्च बघायला म्हणून आली. फादर पेतिजाँ प्रार्थना करत होते. सुगिमोतो युरी नावाची एक प्रौढ बाई जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की आम्हा सगळ्यांचं हृदय तुमच्यासारखंच आहे. आणि लगेच विचारलं, मारियेची मूर्ती कुठे आहे?

मूर्तीसमोर गेल्यावर ती माणसं आनंदून गेली. बोलता बोलता त्यांनी फादरना सांगितलं की सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस. दुःखाचा काळ म्हणजे उपवासकाळ. मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप उघडून तपासलं. १८६५ साली राखेचा बुधवार १ मार्चला होता. १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस येतो. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, चंद्रावरून आणि वसंतसंपातावरून ठरते, आणि तिच्या मागे शेहेचाळीस दिवस मोजून राखेचा बुधवार काढायचा. आमच्याकडे दोन सर्व्हरची घड्याळं जुळवून ठेवायला एक वेगळी यंत्रणा लागते, तरी ती चुकतात. इथे दोनशेहून जास्त वर्षं रोमशी संपर्क नाही, गावातला एक शेतकरी दिवस मोजतोय, त्याच्यामागे त्याचा मुलगा, आणि तारीख जुळते! आपल्या आज्या पंचांग न बघता एकादशी किंवा सणाचा दिवस सांगत असत, त्यांना यातलं मर्म माझ्यापेक्षा लवकर कळेल.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. १८६७ साली उराकामीच्या लोकांनी ठरवलं की आता आपल्या माणसांचे अंत्यविधी बौद्ध मंदिराच्या भिक्षूंकडून करून घ्यायचे नाहीत. लपणं संपलं. जुलैमध्ये एका रात्री अडुसष्ट जणांना पकडलं. मारहाणीत जवळजवळ सगळ्यांनी धर्म सोडतो म्हणून सांगितलं. अखेरपर्यंत नाही म्हणत राहिला तो ताकागी सेनएमोन नावाचा शेतकरी. पण पुढचं ऐका. सुटून घरी आलेल्या लोकांना चैन पडेना. ते गावच्या प्रमुखाकडे परत गेले आणि म्हणाले, आम्ही दिलेला शब्द मागे घेतो. एकदा मोडलेला माणूस परत उभा राहू शकतो, हे मला सेनएमोनच्या न मोडण्याइतकंच मोठं वाटतं.

सरकार बदललं, मेइजी राजवट आली, तरी बंदी तशीच राहिली. आता सगळं गावच हद्दपार केलं. सुमारे ३,४०० माणसं, बायामुलांसकट, वीसहून अधिक ठिकाणी पांगवली. सहाशेहून अधिक जण परतले नाहीत. त्सुवानोला तर तीन फुटी पिंजरे होते, ज्यात धड उभंही राहता येत नसे आणि झोपताही येत नसे. बर्फाळ तळ्यात बुडवत. यासुतारो नावाचा एक तरुण त्या पिंजऱ्यात होता. सोबती चोरून त्याला भेटला तेव्हा तो म्हणाला, मी एकटा नाही, रात्री निळ्या वस्त्रातली एक बाई येते, मारियेसारखी दिसते, माझ्याशी बोलते. मी जिवंत आहे तोवर हे कोणाला सांगू नका. काही दिवसांनी तो गेला. यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. ज्याला जे वाटेल ते वाटो. माझ्या मनात राहिलंय ते त्याचं शेवटचं वाक्य. आपल्या आनंदाचा गाजावाजा त्याला नको होता.

या सगळ्या हद्दपारीला गावकऱ्यांनी नाव काय दिलं माहीत आहे? 'ताबी'. म्हणजे प्रवास.

संत पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा तो तुरुंगात होता, आणि त्या छोट्याशा पत्रात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस उसनं अवसान आणतोय. आता वाटतं की ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांची त्याला आठवण येत होती, एवढंच. पत्रात माणसांची नावं आहेत, निरोप आहेत, पाठवलेल्या वस्तूंची पोच आहे.

माझ्या मित्राचा प्रश्न राहिलाय. भीती वाटते का? कधीकधी वाटते. पण माझ्यावर आलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. आडनाव ऐकून भाड्याच्या घराचं बोलणं मधेच थांबलं. इंटरनेटवर कोणीतरी 'राईस बॅग' म्हणालं. याला मी छळ म्हणत नाही. तो शब्द त्सुवानोच्या पिंजऱ्यासाठी ठेवायला हवा. २००८ साली ओडिशातल्या कंधमालमध्ये घरं आणि चर्च जळाली, माणसं मारली गेली, हजारो लोक छावण्यांत राहिले, त्यांच्यासाठी ठेवायला हवा. आणि तुमच्यासमोर बोलताना हेही बोललं पाहिजे की गोन्सालो वसईत लहानाचा मोठा होत होता त्याच काळात, त्याच क्रुसाच्या नावाने, पोर्तुगीजांनी इथली देवळं पाडली होती. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झालं तेव्हा तो तीन-चार वर्षांचा होता. हिदेयोशीचा संशय अगदी हवेतला नव्हता. निशिझाकावरच्या बारा वर्षांच्या मुलाला त्याची शिक्षा द्यायची नव्हती, आणि आज कंधमालच्या आदिवासीलाही नाही.

मी काय करते? मुलाला प्रार्थना पाठ करायला लावते, तो कुरकुरतो. रविवारी चर्चच्या गायनवृंदात गाते, आणि नागासाकीहून आल्यापासून जरा मोठ्याने गाते. नवरा म्हणतो सूर सांभाळ.

१८७३ साली, परदेशांतून खूप टीका झाल्यावर, बंदीचे फलक उतरवले गेले आणि उराकामीचे लोक गावी परतले. घरं पडलेली, अवजारं गेलेली. फुटक्या भांड्यांच्या खापऱ्यांनी त्यांनी जमीन उकरली असं सांगतात. दुसऱ्याच वर्षी त्या भागात आमांशाची साथ आली. हद्दपारीहून परतलेली इवानागा माकी नावाची पंचवीस वर्षांची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी फादर द रोत्झ यांच्याबरोबर रुग्णांची सेवा करायला बाहेर पडल्या. साथीत अनाथ झालेलं मूल माकीने घरी आणलं, मग आणखी एक, मग आणखी. जागा सेनएमोनने दिली, तोच तो न मोडलेला शेतकरी. त्यातून बायकांचं एक मंडळ आणि अनाथाश्रम उभा राहिला. माकी १९२० साली वारली, तोवर तिथे शेकडो मुलं वाढून गेली होती.

आणि १८८० साली गावकऱ्यांनी एक जमीन विकत घेतली. गावच्या प्रमुखाच्या वाड्याची. याच अंगणात त्यांचे आईबाप, आजे-पणजे दरवर्षी रांगेत उभे राहून त्या प्रतिमेवर पाय ठेवत होते. तिथे त्यांनी आपलं चर्च बांधायला घेतलं. बांधून पूर्ण व्हायला १९१४ साल उजाडलं.

सर घड्याळ दाखवताहेत. बाकीचं जेवताना विचारा.